पियानोवरून उठलेला वादक

२४ जानेवारी १९६७, मंगळवार. अमेरिकेच्या अलाबामा राज्यात टेनेसी नदीकाठी मसल शोल्स नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या ‘फेम’ स्टुडिओत अरेथा फ्रँकलिन पहिल्यांदाच गायला आली आहे. वय २४. कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीत सहा वर्षं काढली, एकामागून एक अल्बम झाले, पण त्या आवाजाच्या तोलाचं यश काही पदरात पडलं नाही. अटलांटिक कंपनीच्या जेरी वेक्सलरने नुकताच तिच्याशी करार केलाय आणि तिला इथे आणलंय. वाद्यवृंदात की-बोर्डच्या जागेवर तिच्याहून एक वर्षाने लहान असलेला, फारसं न बोलणारा तरुण आहे. त्याचं नाव स्पूनर ओल्डहॅम. रेकॉर्डिंग आठवडाभर चालायचं ठरलंय. प्रत्यक्षात ते एकच दिवस चाललं, आणि त्या दिवसात एकच गाणं पुरं झालं.

या दिवसावर पुष्कळ लिहिलं गेलंय. बहुतेक वेळा ते अरेथाच्या बाजूने असतं, नाहीतर रात्री झालेल्या भांडणाच्या बाजूने. मला तो दिवस की-बोर्डच्या स्टुलावरून बघायचाय. मी स्वतः भजनांना आणि सुगम संगीताच्या कार्यक्रमांना पेटीची साथ करतो, आणि साथीदाराचं काम म्हणजे नेमकं काय असतं ते या एका दिवसाइतकं स्वच्छ मला दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही.

खुर्ची

ओल्डहॅमचा जन्म १९४३चा, त्याच भागातल्या सेंटर स्टार या खेड्यातला. खरं नाव डूई लिंडन. लहानपणी फळीवरचं भांडं काढायला गेला तेव्हा वरून चमचा उजव्या डोळ्यावर पडला आणि त्या डोळ्याची नजर गेली. शाळेतल्या पोरांनी त्यावरूनच त्याला ‘स्पूनर’ म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव जन्मभर चिकटलं.

शेजारच्या फ्लॉरेन्समध्ये एका औषधाच्या दुकानाच्या माडीवर गाणी लिहिणाऱ्या, वाजवणाऱ्या पोरांचा अड्डा होता. फेमची सुरुवात तिथली. फेम म्हणजे ‘फ्लॉरेन्स अलाबामा म्युझिक एंटरप्रायझेस’. पुढे रिक हॉलने ते नाव घेऊन मसल शोल्समध्ये स्वतःचा स्टुडिओ उभा केला. तिथला पहिला संच, म्हणजे की-बोर्डवर डेव्हिड ब्रिग्ज, बासवर नॉर्बर्ट पटनम आणि ड्रमवर जेरी कॅरिगन, चांगल्या कामाच्या शोधात नॅशव्हिलला निघून गेला. ब्रिग्जची खुर्ची रिकामी झाली आणि कॉलेज सोडून आलेला ओल्डहॅम तिच्यावर बसला. त्याच्यानंतर ती बॅरी बेकेटकडे गेली. एकाच छोट्या गावात एकाच खुर्चीवरून लागोपाठ तीन मोठे वादक घडले.

आपल्याकडे ऑर्गन म्हटलं की संगीत नाटक आठवतं. रंगमंचापुढे बसून पायांनी भाता हलवत नटाचा सूर सांभाळणारा वादक डोळ्यांपुढे येतो. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये ती जागा हॅमंड ऑर्गनने घेतली. १९३५मध्ये बाजारात आलेलं हे वाद्य विजेवर चालतं. आत मोटरवर फिरणारी दातेरी चाकं असतात, प्रत्येक पट्टीचा स्वर त्यांतून निघतो, आणि समोरच्या खेचपट्ट्या आतबाहेर करून आवाजाचा रंग बदलता येतो. चर्चना खऱ्या पाइप ऑर्गनची किंमत परवडत नव्हती, त्यांच्यासाठी ते बनवलं होतं. प्रवचनकाराचं वाक्य संपताना मागून हळूच एक कॉर्ड, म्हणजे एकत्र दाबलेल्या सुरांचा मेळ, उचलायचा, लोकांचा हुंकार भरून आला की तो वाढवायचा, ओसरला की खाली घ्यायचा. हे सगळं सोल संगीतात, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या चर्चगायकीतून निघालेल्या लोकप्रिय गाण्यांत, जसंच्या तसं उतरलं. ओल्डहॅम गोरा, दक्षिणेतल्या खेड्यातला. पण ही भाषा त्याच्या बोटांत होती.

आदल्या वर्षीची दोन कामं पाहिली तर ते लक्षात येतं. शेफील्ड गावातल्या क्विन आयव्हीच्या साध्या स्टुडिओत, रुग्णालयात काम करणाऱ्या पर्सी स्लेजचं ‘व्हेन अ मॅन लव्ह्ज अ वूमन’ ध्वनिमुद्रित झालं. त्यात ओल्डहॅमने वाजवला तो इटालियन बनावटीचा फार्फिसा, पातळ आवाजाचा, उचलून नेता येईल असा ऑर्गन. त्याने कुठेही बोटांची करामत दाखवली नाही, फक्त कॉर्ड धरून ठेवले. आवाज आर्त होत वर चढतो आणि खाली ते सूर एका जागी उभे असतात. मे १९६६मध्ये हे गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं. त्याच वर्षी फेममध्ये विल्सन पिकेटचं ‘मस्टँग सॅली’ झालं. तिथे मात्र ऑर्गन गुरगुरतो. एखादी जड मोटरसायकल स्टुडिओतून गेली तर कशी वाटेल, ही कल्पना मनात धरून त्याने ते वाजवलं होतं. दोन्हीकडे एकच माणूस आहे हे सांगितल्याशिवाय कळत नाही.

त्या दिवशी

ड्रमवर रॉजर हॉकिन्स, ऱ्हिदम गिटारवर जिमी जॉन्सन. मेम्फिसहून बोलावलेले टॉमी कॉगबिल बासवर आणि चिप्स मोमन लीड गिटारवर. काचेपलीकडे वेक्सलर आणि ध्वनिमुद्रक टॉम डाउड. स्वरलिपीचे कागद कुणासमोर नाहीत. इथली पद्धत अशी की गाणं ऐकायचं, कॉर्ड टिपून घ्यायचे आणि वाजवता वाजवता रचना उभी करायची. गाणं होतं रॉनी शॅनन याने लिहिलेलं ‘आय नेव्हर लव्ह्ड अ मॅन (द वे आय लव्ह यू)’.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. १९६७चं अलाबामा. याच राज्यात चार वर्षांपूर्वी गव्हर्नर वॉलेस कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना अडवायला विद्यापीठाच्या दारात उभा राहिला होता. आणि स्टुडिओतले सगळे वादक गोरे. ब्रास, म्हणजे ट्रम्पेटसारखी फुंकून वाजवायची वाद्यं, वाजवणाऱ्यांत तरी काही कृष्णवर्णीय असावेत अशी वेक्सलरची इच्छा होती, पण आले तेही गोरेच. अरेथाबरोबर तिचा नवरा आणि व्यवस्थापक टेड व्हाइट होता. परक्या गावात, परक्या माणसांत आपल्या बायकोच्या आयुष्यातलं महत्त्वाचं काम होतंय याचा ताण त्याच्यावर असणारच. दोन्ही बाजूंना अवघडलेपण होतं.

ओल्डहॅमला बोलावलं होतं पियानो वाजवायला. अरेथा माइकसमोर उभी राहून गाणार, असं ठरलेलं. गाणं समजावून द्यायला म्हणून ती पियानोपाशी बसली आणि तिने पहिला कॉर्ड दाबला. त्या एका कॉर्डनंतर ओल्डहॅमने स्वतःहून सुचवलं, की मला पियानोसाठी घेतलंय हे मला ठाऊक आहे, कामचुकारपणा म्हणून बोलत नाही, पण पियानो तिलाच वाजवू द्या, मी इलेक्ट्रिक पियानो आणि ऑर्गनवर बसतो.

या क्षणाशी मी दर वेळी थांबतो. तेवीस वर्षांचा मुलगा. अटलांटिकचा मोठा माणूस काचेपलीकडे बसलाय, हाताला मुख्य वाद्य मिळालंय, आणि तो उठतो. आपल्याकडे गायक स्वतः पेटी घेऊन बसला तर पेटीवाल्याचा चेहरा कसा होतो ते मी पाहिलंय. माझाही झालाय. पण गाणारी व्यक्ती स्वतःच्या बोटांनी कॉर्ड देत असते तेव्हा श्वास आणि हात एकाच ठिकाणाहून हलतात. कुठे थांबायचं, कुठे एक मात्रा लांबवायची, हे साथीदाराला आधी ऐकावं लागतं आणि मग पाळावं लागतं. तिला ते करावंच लागत नाही. अरेथा लहानपणापासून वडिलांच्या चर्चमध्ये कानाने ऐकून पियानो शिकली होती. कोलंबियातल्या बऱ्याच रेकॉर्डांत मोठ्या वाद्यवृंदाच्या मांडणीत तिची ही ताकद दबून गेली होती. तिला पियानोवर बसवायचं हे वेक्सलरच्याही मनात होतं. तो कंपनीचा माणूस, त्याने म्हणणं वेगळं. ज्याची जागा जाणार होती त्यानेच ते म्हणावं, याला माझ्या लेखी फार मोल आहे.

तुकडा

तरीही गाणं बसेना. तिनाच्या पटीत झुलणारी संथ लय, अरेथाच्या आवाजात सगळं ठासून भरलेलं, पण वादकांना त्यात शिरायला वाट सापडेना. प्रत्येकाने काही ना काही वाजवून पाहिलं. वेळ जात होता. ज्यांनी कधी रेकॉर्डिंगला साथ केलीय त्यांना ती शांतता माहीत असते. कुणी कुणाकडे बघत नाही, जो तो आपापल्या वाद्यावर हळू आवाजात काहीतरी चाचपत असतो.

ओल्डहॅम आता वुर्लिट्झर या इलेक्ट्रिक पियानोवर होता. त्याने एक छोटा तुकडा वाजवला. काही सुरांचा, मध्ये जागा सोडणारा, पुन्हा तिथेच येणारा. तो ऐकल्याबरोबर बाकीच्यांना कळलं की स्पूनरला सापडलं. हॉकिन्सने त्याच्याखाली ठेका धरला, बास आला, आणि थोड्याच वेळात गाणं टेपवर गेलं.

त्या तुकड्यात काय आहे? माझ्या मते त्यातल्या रिकाम्या जागेला सगळ्यात जास्त किंमत आहे. तुकडा एक अर्धवट प्रश्न विचारल्यासारखा थांबतो, आणि अरेथाची ओळ त्या थांब्यात पडते. तिला वरचढ व्हायला आवाज चढवावा लागत नाही, कारण खाली गर्दीच नाही. पहिल्या ओळींना तिच्यासोबत जवळजवळ एवढंच असतं. भरणा नंतर येतो.

वुर्लिट्झर हे वाद्य पेटीवाल्याला लगेच उमगेल असं आहे. आपल्या पेटीत हवेने पितळी पत्ती थरथरते. पेटी बनवणारे त्या पत्तीलाच ‘सूर’ म्हणतात. जर्मन सूर, पालिताण्याचे सूर. पेटी लावून घेताना कारागीर ती पत्ती टोकाशी खरवडतो, मग सूर चढतो, आणि बुडाशी खरवडतो तेव्हा उतरतो. डोळ्याला दिसणारही नाही इतका कीस निघतो आणि कानाला मात्र फरक पडतो. वुर्लिट्झरमध्येही पत्तीच असते, पोलादाची. तिला हवा लागत नाही, पियानोसारखी हातोडी बसते, आणि तिची थरथर विजेने मोठी केली जाते. तिच्या टोकावर डाखाचा बारीक गोळा असतो. तो कमी केला की सूर चढतो, वाढवला की उतरतो. हलकं दाबलं तर घंटेसारखा गोल आवाज येतो, जोरात दाबलं तर तोच सूर खरखरीत होतो, किंचित फाटतो. ओल्डहॅमच्या तुकड्यात हे दोन्ही आहे. एक सूर मऊ, पुढचा थोडा चावरा.

मी तो तुकडा पेटीवर वाजवून पाहिला. सूर बरोबर येतात, पण गाणं येत नाही. पेटीचा सूर भाता आहे तोवर तसाच राहतो, वुर्लिट्झरचा मात्र आघातानंतर विरत जातो. त्या विरण्यातूनच तिथली जागा तयार होते. म्हणजे पियानोवरून उठून या वाद्यावर आला नसता तर हा तुकडा त्याला सुचलाच नसता, निदान या रूपात तरी नाही. पियानो सोडणं आणि तुकडा सापडणं या दोन घटना मला वेगळ्या काढताच येत नाहीत.

संध्याकाळनंतर

दिवसभर दारू चालू होती. ब्रासमधला एक वादक आणि टेड व्हाइट यांच्यातली थट्टा बोचऱ्या बोलण्यावर गेली, मग व्हाइटने त्याला काढा म्हणून हट्ट धरला. रात्री समेट करायला म्हणून रिक हॉल हॉटेलवर गेला, तिथे प्रकरण हातघाईवर आलं. दुसऱ्या दिवशी अरेथा आणि व्हाइट निघून गेले. हाती राहिलं एक पुरं गाणं आणि एक अर्धं. अर्धं होतं ‘डू राइट वूमन, डू राइट मॅन’. ते गीतकार डॅन पेन आणि मोमनने लिहिलेलं, आणि टेपवर वादनासोबत वाट दाखवण्यापुरता पेनचा आवाज होता.

वेक्सलरने पुऱ्या गाण्याच्या प्रती रेडिओवरच्या मंडळींना ऐकवल्या आणि मागणी सुरू झाली, पण रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला लावायला त्याच्याकडे काही नव्हतं. अरेथाचा काही दिवस ठावठिकाणा लागेना. शेवटी न्यूयॉर्कमध्ये तिने बहिणींना घेऊन ते अर्धं गाणं पुरं केलं आणि १० फेब्रुवारीला रेकॉर्ड बाहेर आली. ऱ्हिदम अँड ब्लूजच्या, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या, लोकप्रियतेच्या यादीत ती सात आठवडे पहिली राहिली, आणि सर्वसाधारण यादीत नवव्या क्रमांकापर्यंत गेली. सहा वर्षांत न झालेली गोष्ट एका दिवसाच्या कामाने झाली.

वादक हवे होते तेच. वेक्सलरने मसल शोल्सच्या मंडळींना न्यूयॉर्कला बोलावून घेतलं. १४ फेब्रुवारीला ओटिस रेडिंगने लिहिलेलं ‘रिस्पेक्ट’ अरेथाच्या आवाजात झालं, त्यात ओल्डहॅम हॅमंडवर आहे. पुढे पियानो, गिटार, ब्रास, बहिणींचे आवाज, आणि ऑर्गन इतका मागे की पहिल्या ऐकण्यात लक्षातही येत नाही. तीन आठवड्यांपूर्वी ज्याच्या तुकड्यावर गाणं उभं राहिलं, तोच माणूस इथे गाण्याच्या भिंतीत विटेसारखा बसलाय. मला हे ‘रिस्पेक्ट’ ऐकताना फार भावतं.

हिशेब

आता पैशाचं बोलू. अमेरिकेत वादकांच्या संघटनेच्या नियमाने एक सेशन, म्हणजे ध्वनिमुद्रणाची एक बैठक, तीन तासांचं धरतात आणि त्याचं ठरलेलं मानधन मिळतं. गाणं पुढे दहा प्रती खपो की दहा लाख, त्या तीन तासांची रक्कम तीच. रॉयल्टी मिळते ती गीत-संगीत लिहिणाऱ्याला आणि प्रकाशकाला. ज्या तुकड्याने गाणं उघडतं तो तुकडा या हिशेबात बसत नाही, कारण तो लिहिलेल्या गाण्याचा भाग नाही, वाजवण्याचा भाग आहे. हा अन्याय निव्वळ वादकांपुरता नाही. साध्या रेडिओवर गाणं वाजलं तर अमेरिकेत आजही पैसे लिहिणाऱ्याला जातात, गाणाऱ्याला जात नाहीत. ‘रिस्पेक्ट’ रेडिओवर लागलं की त्याचा वाटा रेडिंगच्या बाजूला, अरेथाच्या नावावर शून्य.

मुंबईच्या सिनेसंगीताला हे नवं नाही. गोव्याहून आलेल्या कित्येक वादकांनी आणि अरेंजरांनी गाणी सजवली आणि तबकडीवर नाव संगीतकाराचंच राहिलं. ‘रूप तेरा मस्ताना’मधला अकॉर्डियन केरसी लॉर्ड यांचा, हे ठाऊक असणारे किती निघतील? गाणं गुणगुणताना मात्र तो अकॉर्डियन प्रत्येकाच्या ओठांवर येतो.

ओल्डहॅमने यावर वाद घातला नाही, त्याने दुसरा मार्ग धरला. तो वाजवत होताच, शिवाय डॅन पेनबरोबर लिहीतही होता. ‘आय’म युअर पपेट’ १९६६मध्ये जेम्स आणि बॉबी प्युरिफायने गायलं आणि चाललं. १९६८ची गोष्ट तर त्या जोडीचा स्वभावच सांगते. मेम्फिसमध्ये बॉक्स टॉप्स या तरुण पोरांच्या बँडसाठी गाणं हवं होतं. दोघांनी रात्रभर डोकं फोडलं, काही निघेना. पहाटे समोरच्या खाणावळीत जाऊन बसले. थकलेल्या ओल्डहॅमने टेबलावर डोकं टेकलं आणि म्हणाला, लहान मुलासारखं रडावंसं वाटतंय. पेनने विचारलं, काय म्हणालास? ‘क्राय लाइक अ बेबी’ तिथून निघालं आणि अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. या गाण्यावर त्याचं नाव आहे, त्यामुळे रॉयल्टीही आहे.

मला वाटतं, सेशन वादकाला त्या व्यवस्थेत हा एवढाच शहाणा मार्ग होता. पण त्याने व्यवस्था शहाणी ठरत नाही. लिहिण्याचं अंग नसलेले हॉकिन्ससारखे वादक काय करणार होते? त्यातल्या चौघांनी, हॉकिन्स, जॉन्सन, बेकेट आणि बासवादक डेव्हिड हूड यांनी, १९६९मध्ये फेम सोडून शेफील्डला स्वतःचा मसल शोल्स साउंड स्टुडिओ काढला. तीन तासांच्या मानधनातून सुटायची ती त्यांची वाट.

पुढे

ओल्डहॅम स्वतः १९६७मध्येच मेम्फिसला गेला, नंतर कॅलिफोर्नियाला. नील यंगच्या ‘कम्स अ टाइम’ (१९७८) आणि ‘हार्व्हेस्ट मून’ (१९९२) या अल्बमवर तो आहे. १९७९-८०मध्ये बॉब डिलन ख्रिस्ती भक्तिगीतं गात फिरत होता, तेव्हा की-बोर्डवर ओल्डहॅम होता. त्या काळातला ‘सेव्हड’ हा अल्बम डिलनने १९८०मध्ये मसल शोल्स साउंडमध्येच केला. निर्माते जेरी वेक्सलर आणि बॅरी बेकेट, आणि ऑर्गनवर ओल्डहॅम. ज्याने तेरा वर्षांपूर्वी त्याला काचेआडून ऐकलं होतं तो, आणि ज्याला त्याची खुर्ची मिळाली तो, दोघे एका बाजूला. हा परत दुसऱ्या बाजूला, चर्चच्या गाण्यांना सूर धरून. २००९मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने त्याला घेतलं ते ‘साइडमन’ म्हणून, म्हणजे साथीदार याच नावाने.

१९९८मध्ये तो आणि डॅन पेन ब्रिटन-आयर्लंडच्या दौऱ्यावर गेले. मंचावर दोघंच. पेनकडे साधी गिटार, ओल्डहॅमकडे वुर्लिट्झर. ड्रम नाही, बास नाही, ब्रास नाही. त्या कार्यक्रमांचं ध्वनिमुद्रण पुढच्या वर्षी ‘मोमेंट्स फ्रॉम धिस थिएटर’ नावाने निघालं. त्यात एक गाणं ‘डू राइट वूमन, डू राइट मॅन’ आहे. त्या मंगळवारी रात्री अर्धं राहिलेलं, पेनचा कच्चा आवाज टेपवर ठेवून सगळे पांगले होते, तेच. इथे पेन ते सावकाश गातो, ओल्डहॅम खाली कॉर्ड देत राहतो, आणि दोघे ते शेवटच्या ओळीपर्यंत नेतात.